फुकटचे दोन आठवडे

माझा पुढचा एक दात बसवलेला आहे. हसले तर कुणाला कळत नाही, पण कडक भाकरी खाताना मला कळतं, कारण त्या बाजूनं मी चावत नाही. कुणी विचारलं तर आधी सांगायचे, न्हाणीत पाय घसरला. आता खरं सांगते. नवऱ्याला आठवडे मोजता आले नाहीत, म्हणून दात गेला. ऐकणारा एकदम गप्प होतो. होऊ दे. मी गप्प बसायचं बंद केलंय.

तेव्हा आम्ही सोलापुरात दोन खोल्यांत राहायचो. खोल्या सासूच्या. मोहोळकडचं शेत सोडून ती तरुणपणीच इथं आली, नवरा मेल्यावर ज्वारीच्या कडक भाकरी करून हॉटेलांना द्यायला लागली आणि त्यावर ही जागा केली. घरात तिचा शब्द चालायचा आणि चूलही तिचीच. बाहेरच्या पडवीत सकाळ-संध्याकाळ तिची थापणी चालू असायची, थप थप थप. नवरा चाकणला कंपनीत होता, महिना-दोन महिन्यांनी चार दिवस यायचा. मी शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलरी लावायचे. मुलगी दोन वर्षांची होती, ती आजीच्या मागं मागं असायची.

सासूची एक रीत होती आणि तिच्यापुढं कुणाचं चालायचं नाही. पाळी आली की चार दिवस बाहेर बसायचं. आता दोन खोल्यांत बाहेर म्हणजे कुठं? तर न्हाणीजवळच्या कोपऱ्यात, गोणपाटावर. ताट वेगळं, तांब्या वेगळा, पाणी वरून घालणार. चुलीकडं बघायचंसुद्धा नाही. माझ्या माहेरी, सांगोल्याकडं, आईही पाळायची, पण तिथं शेतात काम असलं की देवसुद्धा जरा दमानं घ्यायचा. इथं तसं नाही. दिवसभर कारखान्यात बायांच्या घोळक्यात काम करायचं, त्यांच्या डब्यातलं खायचं, आणि घरी आलं की माठाला हात लावायचा नाही. डोकं फिरायचं माझं. पण पोरगी तिच्याजवळ ठेवून कामाला जायचं होतं, त्यामुळं दात-ओठ खाऊन बसायचे.

त्या वर्षी नेमकी संक्रांतीला पाळी आली. सासूनं सुगडं आणलेली, ऊस, बोरं, हरभरा सगळं भरून ठेवलेलं. गल्लीतल्या बाया सुगडं घेऊन देवळात ववसायला निघाल्या आणि मी कोपऱ्यात. ती एकटीच गेली आणि जाताना दारोदार सांगत गेली, "आमची बसली की कोपऱ्यात. मुहूर्त धरूनच येतं हिचं." मी कोपऱ्यातून ओरडले, "आत्या, मी काय आमंत्रण धाडलं होतं का?" संध्याकाळपर्यंत बोलली नाही माझ्याशी. माझ्या ताटात तिळाची पोळीसुद्धा लांबून टाकली.

संक्रांतीनंतर दहा-बारा दिवसांनी, सोलापूरची गड्ड्याची जत्रा संपत आली तेव्हा नवरा आला. माझी पाळी होऊन गेली होती, डोक्यावरून पाणी घेऊन मी घरात आले होते. आम्ही पोरीला पाळण्यात बसवलं, जत्रेतला भाग्यश्री बटाटा खाल्ला, छान गेले ते दिवस. मी त्याला म्हणाले होते, मला एवढ्यात दुसरं नकोय. पहिलीच्या वेळी अंगात रक्तच नव्हतं, बाटल्या चढवाव्या लागल्या, अजून जिना चढले की धाप लागते. तो म्हणाला, "म्या बगतो की." बघितलं त्यानं.

आणि मला तरी काय कळत होतं म्हणा. शाळेत सरांनी फुलाचं शिकवलं. परागकण, कुक्षी, आकृती काढा, नावं द्या. मग पान उलटल्यावर माणसाचं आलं तर म्हणाले, पुढचं घरी वाचा. घरी ते पान उघडून बसायची कुणाची छाती? लग्नाच्या आदल्या दिवशी आई एवढंच बोलली की त्याला नाही म्हणू नको. त्याला वाटायचं त्याला मोबाइलमधून सगळं कळतं. दोन आंधळी एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडतात, तसला आमचा संसार.

पुढची पाळी चुकली. रंगपंचमीला तो आला तेव्हा मी त्याला सांगितलं आणि आम्ही दोघं सोनोग्राफीला गेलो. आतला डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पडद्याकडं बघून म्हणाला, "आठ आठवडे झालेत. ठोके चांगले आहेत. चला, पुढचे." आम्ही बाहेर आलो. रिक्षात नवऱ्यानं मोबाइल काढला, त्यातलं कॅलेंडर अंगठ्यानं मागं मागं नेलं. एका जागी अंगठा थांबला. मग तो बाहेर बघत बसला. मला वाटलं, खर्चाचा विचार करतोय.

घरी आल्यावर त्यानं पोरीला उचलून पडवीत सासूजवळ ठेवलं, आत येऊन कडी लावली आणि पहिली थप्पड मारली. काय झालं हे कळायच्या आत दुसरी. "आठ आटवडं," तो म्हणाला. "आठ आटवड्यामागं संक्रांत व्हती. संक्रांतीला म्या चाकणला व्हतो. म्या यायच्या आदीच पोटात व्हतं तुज्या. कुणाचं हाय?"

मी म्हणाले, वेडा झालायस का. त्यानं केसांना धरून पिठाच्या डब्यावर आपटलं. डब्याची कड तोंडाला लागली आणि दात तुटून जिभेवर आला. मी तो थुंकला. पिठात रक्त पडलं. मग त्यानं पाय उचलला तेव्हा मी वळले, लाथ कमरेत बसली. मी काही गरीब गाय नाही. त्याच्या दंडाला असं चावले की मांसाची चव आली, आणि हाताला लागला तो तांब्या त्याच्या कानावर घातला. त्यामुळं तो आणखी चेकाळला. पट्टा काढला. मी ओरडत होते, आत्या, आत्या. दाराच्या पलीकडं पोरगी रडत होती आणि थापणी चालू होती. थप थप थप. आतल्या माराला बाहेरून ताल धरावा तशी. त्या पट्ट्यापेक्षा मला तो आवाज जास्त लागला. ऐकू येतंय आणि बाई भाकरी थापतेय.

दमल्यावर तो म्हणाला, "उद्या सांजच्यापातूर बाप कोण त्ये सांग. न्हायतर पोरगी हितं ठेव आन चालती हो. पोरगी तुला मिळायची न्हाय." आणि निघून गेला.

मारानं मला भीती वाटली नव्हती, या वाक्यानं वाटली. पोरगी तिथंच राहणार, याच माणसाजवळ, आणि मोठी झाल्यावर तिला सांगणार की तुझी आई छिनाल होती. मी आईला फोन लावला. आई म्हणाली, "त्याचा राग उतरू दे. तू तोंड चालवू नको बाई." मी म्हणाले, आई, तोंडात दात राहिला नाही, चालवू काय? तिनं रडून फोन ठेवला. बापानं फोन घेतलाच नाही.

आणि खरं सांगते, रात्रभर मला स्वतःचाच संशय आला. डॉक्टर बोलला ते खोटं कसं असेल? आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे. मी कुणाकडं गेले नव्हते, हे मला माहीत होतं. पण माझं पोट माझ्याविरुद्ध साक्ष देतंय असं वाटत होतं, आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते कळत नव्हतं.

नवरा रात्री कधीतरी परत आला होता, सकाळी झोपला होता. शेजारची बाई पाणी भरायला आली. तेलुगू बाई, नवरा चादरीच्या कारखान्यात, ही घरी विड्या वळायची. माझं तोंड बघून तिनं घागर खाली ठेवली. म्हणाली, "चल. असंच चल, चप्पल घाल." रिक्षात घालून तिनं मला सात रस्त्याला नेलं. मोबाइलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. शेजारणीची दोन्ही बाळंतपणं त्यांच्याकडंच झालेली.

बाईंनी आधी तोंड धुवून दिलं. कुणी मारलं, पोटाला लागलं का, रक्त जातंय का, सगळं सरळ विचारलं आणि सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, "तक्रार करायची असेल तर आज कर, उद्या कर, हे कागद माझ्याकडं आहेत. मी उभी राहीन." मग विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

"संक्रांतीला."

"मग बरोबर आहेत की आठ आठवडे."

मी म्हणाले, बाई, नवरा संक्रांतीला इथं नव्हता, तो नंतर आला, गड्डा संपताना. त्या म्हणाल्या, मी कुठं म्हणते संक्रांतीला गर्भ राहिला? आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी राहतो. तो नेमका कोणत्या दिवशी राहिला ते बाईला सांगता येत नाही, पाळी मात्र आठवते, म्हणून मोजणी तिथून. पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं. ते आपले फुकटचे धरायचे.

मला एकदम आमची बाग दिसली. सांगोल्याकडं डाळिंबाचा बहार धरतात. झाडाला ताण देतात, पानं गाळतात, मग पाणी सोडतात. आणि बाग किती दिवसांची झाली असं विचारलं तर बाप पहिल्या पाण्यापासून सांगायचा. त्या पाण्याच्या दिवशी झाडावर काय असतं? नुसत्या काड्या. कळी नंतर निघते, फळ त्याच्याही नंतर धरतं. पण दिवस मोजायचे पाण्यापासून. हे मला शेंबडं पोर असल्यापासून माहीत होतं. झाडाचं माहीत होतं, माझं नाही.

मी हसायला लागले. तोंडातून परत रक्त आलं तरी हसत होते. मग रडू आलं, आणि मग असा संताप आला की समोरची खुर्ची उचलून त्या पोरसवदा डॉक्टरच्या पडद्यावर घालावी. दोन शब्द जास्त बोलला असता तर काय जीभ झडली असती त्याची? दोन फुकटच्या आठवड्यांपायी माझा दात गेला होता, आणि पोरगी जायची वेळ आली होती.

बाईंनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "ते त्याचं झालं. आता तुझं सांग. हे मूल तुला हवंय का?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, नको म्हटलं तर नवऱ्याची सही लागते ना? त्या म्हणाल्या, तुझ्या एकटीची चालते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, आईबापाची नाही. घाई करू नको, पण फार लांबवूही नको. घरी जा, नीट विचार कर. ठेवायचं ठरवलंस तरी ये, नाही ठरवलंस तरी ये.

संध्याकाळी मी नवऱ्यासमोर उभी राहिले. पडवीत सासू चुलीपुढं, पोरगी तिच्या पदराशी. शेजारीण आपल्या दारात सूप मांडीवर घेऊन बसलेली, हात विड्यांवर आणि कान आमच्याकडं. मी त्याला सगळं सांगितलं. पाळीपासून मोजतात ते, दोन आठवड्यांचं, डाळिंबाचंसुद्धा. त्याला ते कळलं, मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. पण कळलेलं पचलं नाही. म्हणाला, "आन पाळी संक्रांतीला व्हती ह्ये तरी खरं कशावरनं? तू म्हणतीस म्हणून?"

मी सासूकडं वळले. "आत्या, सांगा त्याला."

ती भाकरी थापत राहिली. म्हणाली, "मला काय आटवतंय."

संक्रांतीला दारोदार सांगत फिरलेली बाई. त्या क्षणी मला नवऱ्यापेक्षा तिचा जास्त राग आला. मी म्हणाले, आत्या, तुमच्या जिभेला हाड नाही का. तेवढं निमित्त त्याला पुरलं. त्यानं माझे केस धरले, मान मागं ओढली आणि मोकळ्या हातानं फुटक्या तोंडावरच मारलं. "लबाड," तो ओरडला. "पाळी आलीच नसंल. कशाची बाहेर बसती ही. सणाच्या दिशी चुलीवर हात फिरवला असंल हिनं, तुला पत्ता बी लागला नसंल, आये."

थापणी थांबली.

सासू उठली. गुडघ्यांवर हात ठेवून नेहमी जशी उठायची तशी नाही, एकदम. हातात उलथनं होतं, तव्यावरचं, तापलेलं. ते तिनं त्याच्या मनगटावर घातलं. चर्र झालं. त्यानं माझे केस सोडले.

"माज्या चुलीला?" ती म्हणाली. "संक्रांतीच्या दिशी? म्या हात लावू दिला व्हय रं माज्या चुलीला?" दुसरा घाव खांद्यावर. "चार दिस बसली हितं, त्या गोनपाटावर. म्या वरनं पाणी घातलं हिला. ववशाला एकटी गेले म्या, समद्या गल्लीनं बगितलं. आन तू माजी चूल बाटली म्हनतूस?" तिसरा घाव त्यानं हातानं अडवला आणि हात झटकत भिंतीला टेकला.

बघा, मला वाचवायला नाही बोलली ती. चुलीला वाचवायला बोलली. सुनेचा जीव गेला असता तर चाललं असतं, चुलीचं सोवळं गेलेलं चाललं नाही. पण बोलली. दारातून शेजारीणही म्हणाली, व्हय, आमच्या दारात पण सांगून गेलती की. ज्या कोपऱ्याला मी शिव्या घातल्या, त्यानंच माझी बाजू मांडली. मला त्याचं कौतुक वाटायचं की संताप, हे मला आजही ठरवता येत नाही.

नवरा मनगट धरून खाली बसला. मग म्हणाला, "चुकलं माजं. हिशोब चुकला."

त्याच्या आवाजात खोट नव्हती. डोळ्यांत पाणी होतं. तिथं गप्प बसले असते तर संसार पुढं चालू झाला असता, माझ्या आईचा झाला तसा. पण मी विचारलं, "आणि हिशोब बरोबर निघाला असता तर?"

तो माझ्याकडं बघत राहिला, जणू मी काहीतरी बावळट विचारलंय. मग अगदी साधेपणानं, रागाचा लवलेश नसताना म्हणाला, "मग मारायलाच पायजे व्हतं की."

म्हणजे त्याचं आकड्यात चुकलं होतं. हात उचलण्यात काही चुकलं नव्हतं. सासू चुलीपुढं बसायला निघाली होती, ती तशीच अर्धवट वाकून थांबली. तिनंही ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला, पोरीच्या हातात पुडा दिला आणि चाकणच्या गाडीत बसला. त्याच्या दृष्टीनं मिटलं होतं. तो पुढच्या वेळी आला तेव्हा सासूनं त्याला दार उघडलं नाही, पण ते नंतरचं. तो गेला त्या दुपारी मी सासूला सांगितलं, "आत्या, मला हे नकोय. मी उद्या सात रस्त्याला जाणार आहे."

ती शेंगा कुटत होती. म्हणाली, "पोरगा असला तर?"

"असू दे."

ती कुटत राहिली. चटणी झाली तरी कुटतच राहिली, तेल सुटलं, लगदा झाला. मला वाटलं, आता ही पोरीला घेऊन बसेल, नाहीतर लेकाला फोन लावेल. सकाळी उठून बघते तर धुवट लुगडं नेसून, फडक्यात भाकरी-चटणी बांधून दारात उभी. पोरगी शेजारणीकडं ठेवली होती. रिक्षात मला म्हणाली, "बगितलंस? बाहीर बसायची रीत व्हती म्हनून वाचलीस." मी म्हणाले, आत्या, आता मारीन मी तुम्हाला. ती पदराआड हसली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, शेवटची पाळी? मी तोंड उघडायच्या आत सासू सगळ्या बाकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "संक्रांतीला. म्या हाय साक्षीला." मी सही केली. ती वाकून बघत होती. "आन नवऱ्याची?" तिनं विचारलं. सिस्टर म्हणाली, लागत नाही आजी, हिची पुरते. सासूनं त्या कागदावर बोट ठेवलं, सहीच्या शेजारी, जिथं कोरं होतं तिथं. मग काढून घेतलं.

आम्ही बाकावर बसलो. तिनं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि माझ्या हातात न देता तशीच धरून बसली. समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "मला बी दोन नको व्हती. पर मला कुनी इचारलं न्हाय."

मी तिच्याकडं वळले.

"त्यातला एक ह्यो," ती म्हणाली.

आतून मला हाक आली. मी पर्स तिच्या मांडीवर ठेवली, चपला काढल्या आणि आत गेले.